झाकलेलं मडकं

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा समुद्र गावाच्या जरा जवळच होता म्हणतात. त्या समुद्रात एक गलबत फुटलं. मोजकी माणसं किनाऱ्याला लागली, त्यांच्या पोथ्या मात्र बुडाल्या. त्या माणसांनी तेलाचे घाणे घातले, शनिवारी बैलांना सुटी दिली आणि ती इथलीच होऊन गेली. पोथ्यांतलं विसरलं, हाताला सवय होती तेवढं उरलं.

त्यांच्या वंशात एक तेलीण होती. तिच्या चुलीशेजारी आंबवलेल्या पेजेचं मडकं असे. त्यातलं पळीभर पडल्याशिवाय घरात कालवणाला चव नसे. चैत्राच्या पुनवेला मात्र ती त्यावर झाकण ठेवी, वर फडकं बांधी आणि आठ दिवस सोडत नसे.

नव्या सुनेनं विचारलं, "आत्याबाई, मडकं का झाकायचं?"

"माझ्या सासूनं झाकलं, म्हणून. तिला विचार."

"त्या तर केव्हाच वारल्या!"

"मग गप बैस, आणि फडकं घट्ट बांध."

त्याच आठवड्यात गावात एक म्हातारा परदेशी आला. दोन दिवसांचा उपाशी. लोकांनी त्याला आंबील दिली, आंबोळ्या दिल्या. तो वास घेई, हात जोडी आणि पुढे जाई. "मागून खायचं आणि वर नखरे!" लोक म्हणाले.

शेवटी तो तेलिणीच्या ओट्यावर येऊन बसला तो उठेचना. सासू घाण्यावर होती. सुनेचा जीव कळवळला. हा माणूस आपल्या दारातून उपाशी गेला तर? घरात तांदळाची कोरडी भाकरी होती, मीठ होतं. सगळी चव त्या मडक्यात.

तिनं फडक्याची एक गाठ सोडली. बघणारं कुणी नव्हतं, आणि कारण तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात तिला सासूची बोटं आठवली. तान्ह्या बाळाला पांघरूण घालावं तसं म्हातारीनं ते फडकं बांधलं होतं. सुनेनं गाठ पुन्हा मारली.

ओशाळून तिनं भाकरी पुढे केली. "बाबा, रागावू नका. हे आठ दिवस आमच्याकडे आंबट झाकलेलं असतं. का, ते विचारू नका. आम्हालाच माहीत नाही."

म्हातारा भाकरी हातात धरून ढसाढसा रडला. "पोरी, आपल्या हरवलेल्या माणसांचं हेच दार मी किती वर्षं शोधतोय!" मग घास घेत घेत तो सांगू लागला. "आपले पूर्वज एका राजाचे गुलाम होते. देवानं सोडवलं, तेव्हा इतक्या घाईनं निघाले की पीठ आंबून फुगायलाही वेळ मिळाला नाही. त्या सुटकेची आठवण म्हणून आपण हे आठ दिवस आंबवलेलं खात नाही."

सासू दारात येऊन ऐकत होती. डोळे पुसत म्हणाली, "बघ! कारण असणारच, मी म्हणत नव्हते?"

"तुम्ही 'गप बैस' म्हणत होतात!" सून म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसल्या.

वर्षं लोटली. सासू गेली. पुनवेला सून मडकं झाकत होती, तर तिच्या चिमुरडीनं विचारलं, "आई, हे का झाकायचं?"

'गप बैस' अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून तिनं हात पुसले आणि लेकीला मांडीवर घेतलं. "ऐक हं. एकदा आपण गुलाम होतो..."

तेव्हापासून त्या तेल्यांच्या घरांत पुनवेला आधी लेकरू विचारतं, मग मोठी माणसं सांगतात, आणि भाकरी त्यानंतर मोडली जाते.

बोध एवढाच: रीत हातांनी जपावी, पण तिचं कारण लेकरांना तोंडानं सांगून ठेवावं.