मागच्या सीटवर कोण बसणार?

"या ढिगातलं एकच पुस्तक उद्या दुपारपर्यंत निवडायचं! निवडता आलं नाही, तर राजकुमाराच्या पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर तू बसायचंस!"

भोकरगडच्या दुंदुभी महाराजांनी हुकूम सोडला आणि राजवाड्याचा आचारी गेनबा याच्या हातातलं ओगराळं आमटीसकट खाली पडलं.

त्याची चूक एवढीच झाली होती, की वाढता वाढता तो बोलून गेला, "एवढी पुस्तकं कशाला, महाराज? एक धड वाचलं तरी पुरे की!"

झालं होतं असं, की राजकुमार शार्दूल याला वैमानिक व्हायचं होतं. तेही हौशी नाही, चांगला भाडं घेऊन प्रवासी नेणारा वैमानिक! त्याची लेखी परीक्षा जवळ आली होती. महाराजांनी पुस्तकं मागवली, तर बैलगाड्या भरून पुस्तकं आली आणि पुस्तकांमागोमाग त्यांचे लेखकही आले. जो तो म्हणे, माझंच पुस्तक भारी! दरबारात नुसती हमरीतुमरी चालली होती.

गेनबा घरी आला तो कपाळाला हात लावूनच. त्याची मुलगी ठकू कणीक मळत होती.

"ठकू, मी गेलो गं! राजकुमार साधा झोपाळा भिंतीवर आपटतो. विमान कशावर आपटेल?"

"आबा, रडू नका. उद्या दरबारात मी येते."

"तू काय करणार? वांगी निवडतात तशी पुस्तकं निवडणार?"

"वांगं निदान चिरून बघता येतं," ठकू म्हणाली. "पुस्तकाचं काहीतरी वेगळं करावं लागेल."

दुसऱ्या दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. एकीकडे धुंडिराजशास्त्री 'एका रात्रीत वैमानिक' छातीशी धरून उभे होते. दुसरीकडे वाकसे मास्तर 'न वाचता पास' डोक्यावर नाचवत होते. बाकीचे लेखक मागून ढकलाढकली करत होते.

"काय गं पोरी, सगळी पुस्तकं वाचलीस?" महाराजांनी विचारलं.

"एकही नाही, महाराज! आधी एक सांगा. तुमच्या ताटातली भाजी पहिल्यांदा कोण खातं?"

"ज्यानं रांधली तो! आचाऱ्यानं घास खाऊन दाखवल्याशिवाय आम्ही ताटाला हात लावत नाही. पणजोबांपासूनचा रिवाज आहे आमचा."

"मग पुस्तकालाही तोच रिवाज लावा! ज्याचं पुस्तक निवडलं जाईल, त्यानंच राजकुमारांच्या मागच्या सीटवर बसायचं!"

लेखकांची ढकलाढकली एकदम थांबली. राजकुमार मात्र खूश! तो टाळ्या वाजवत म्हणाला, "या या, कोण येतंय? मी उलटंसुद्धा उडवून दाखवीन!"

धुंडिराजशास्त्र्यांनी पुस्तक हळूच उपरण्याखाली लपवलं. "महाराज, माझं पुस्तक तसं कच्चंच आहे. वाकसे मास्तरांचं घ्या. काय लिहितात! वा!"

"छे हो!" वाकसे मास्तर ओरडले. "माझ्या पुस्तकात डावं-उजवं उलटं छापलंय! शास्त्रीबुवांचंच घ्या!"

"मला तर बैलगाडीसुद्धा लागते!" मागून तिसरा कळवळला.

बघता बघता सगळे लेखक दुसऱ्याची स्तुती करत दाराकडे सरकू लागले. जागची हलली नाही ती फक्त कोपऱ्यातली एक बाई. तिचं नाव गोदूताई निंबाळे.

"मी बसेन," ती म्हणाली. "पण राजकुमारांनी माझं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायचं. हवामानाचं प्रकरण दोनदा. मध्ये डुलकी लागली, तर पुन्हा पहिल्या पानापासून!"

राजकुमाराचा चेहरा पडला.

"हेच पुस्तक, महाराज!" ठकू म्हणाली.

"आणि हे वाचूनही राजकुमार नापास झाला तर?" महाराजांनी डोळे वटारले.

"तर विमान उडणारच नाही! मग मागच्या सीटवर कुणीच बसायला नको. माझे आबाही नकोत!"

महाराज हसू लागले. हसता हसता त्यांची पगडी घरंगळून पार सिंहासनाखाली गेली. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं.

"शाब्बास! राजकुमार पास झाला, की गोदूताईंनंतर विमानात पहिला मान तुझा! बसशील ना?"

"बसेन की, महाराज!" ठकू म्हणाली. "पण तुम्ही एक फेरी मारून खाली उतरलात, की मग!"