झाकणावरचा पाटा

डोंगराच्या कुशीत आंबेघळ नावाचं एक गाव होतं. त्या गावात हौसा नावाची बाई राहायची, आणि तिच्या हातचा भात कधी धड शिजत नसे. हात वाईट नव्हता, स्वभाव काळजीचा होता. भात रटरटायला लागला की हौसा झाकण काढून बघायची. करपला तर? पाणी कमी पडलं तर? दहादा झाकण निघायचं, वाफ उडून जायची आणि भात कच्चा राहायचा. लसूण लावला की चार दिवसांत एखादी पाकळी उकरून बघायची, कोंब आला का म्हणून. कुलूप लावून निघाली की अर्ध्या वाटेतून परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. तिचा नवरा दादू गरीब स्वभावाचा होता. तो कच्चा भात मुकाट्यानं चावायचा आणि म्हणायचा, “दात मजबूत राहत्यात.”

गावाचा सगळा जीव ओढ्याकाठच्या वेलांवर होता. काकडी, दुधी, भोपळा हेच त्यांचं उन्हाळी पीक. पण अलीकडे काय झालं होतं कोण जाणे, वेल फुलांनी पिवळे व्हायचे आणि फळ काही धरायचं नाही. बोटाएवढा भोपळा दिसायचा, पिवळा पडायचा आणि गळून जायचा. गावानं खत घातलं, देवीला नारळ फोडला, एकमेकांच्या नजरेला दोष दिला. शेवटी कोणीतरी तालुक्याहून पार्टे मास्तरांना घेऊन आलं. मास्तर मधमाश्या पाळायला शिकवायचे. ते वेलांमध्ये नुसते उभे राहिले आणि म्हणाले, “इथं गुणगुण कशी नाही?”

गावकरी एकमेकांकडे बघायला लागले. डोंगरातलं एकूण एक मोहोळ मधासाठी त्यांनीच जाळ करून काढलं होतं. माश्या मरायच्या, मध मिळायचा, कोणाला त्याचं काही वाटत नसे.

“माशी फुलाफुलांवर फिरते तेव्हा फळ धरतं,” मास्तर म्हणाले. “जाळलीत ती तुम्ही. आता पाळावी लागेल.”

तालुक्याला दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मास्तरांचा अर्ध्या दिवसाचा वर्ग भरायचा. गावातून एकानं जाऊन शिकायचं ठरलं. चावडीवर सभा बसली. एकाची म्हैस व्यायला आली होती, दुसऱ्याची कंबर धरली होती, तिसरा उघडच म्हणाला की मला माशीच्या काट्याची भीती वाटते. मग मागून कोणीतरी बोललं, “हौसाला धाडा. तिच्याएवढी काळजी घेणारं गावात हाय कोण?” सगळ्यांना ते एकदम पटलं.

ती दर गुरुवारी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून तालुक्याला जाऊ लागली. शिकली मात्र मन लावून. माश्यांना धूर देऊन शांत करायचं धुराडं कसं पेटवायचं, पोळ्याची चौकट कशी उचलायची, मेण खाणारा मेणकिडा कसा ओळखायचा, सगळं तिला तोंडपाठ झालं. मास्तरांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट फळ्यावर लिहिली होती: माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. हौसानं तेही पाठ केलं. पाठ करणं आणि उमगणं यात किती अंतर असतं, ते तिला अजून कळायचं होतं.

थंडीत तिला माश्यांनी भरलेली एक पेटी मिळाली. साऱ्या आंबेघळसाठी ती एकच पेटी. परसात लाकडी घोडीवर तिनं ती मांडली, मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. आणि त्या क्षणापासून तिची झोप उडाली. मुंग्या पाण्यावरून गेल्या तर? पाल शिरली तर? माश्या उपाशी असल्या तर? मास्तरांनी आठवड्यातून एकदाच पेटी उघडायला सांगितलं होतं. हौसा रोज उघडायची. एखाद्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळीही. माश्या चिडक्या झाल्या. दादूचं नाक सुजून वांग्याएवढं झालं.

मास्तरांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. “हौसाताई, तुमच्या घराचं छप्पर कोणी रोज उचकटून बघितलं, तर तुम्ही राहाल तिथं?” त्यांनी विचारलं. “ही आपली सातेरी माशी मानी असते. फार छळलं की एक दिवस सगळ्या मिळून निघून जातात. मागे नुसती पेटी राहते.”

हौसानं पेटीला हात लावणं कमी केलं, पण काळजी काही कमी झाली नाही. आठवड्यानं पेटी उघडली तेव्हा चौकटीच्या खालच्या कडेला शेंगेसारखी एक कोठी लोंबताना दिसली. गुरुवारी तिनं ते मास्तरांना सांगितलं. मास्तर गंभीर झाले. जुनी राणी थकली होती आणि माश्यांनी नवी राणी वाढवायला घेतली होती.

“आता नीट ऐका,” ते म्हणाले. “नवी राणी कोठीतून निघाली की एखाद्या दुपारी लग्नाला बाहेर उडते. परत आली की मग अंडी घालते. ती परतली तर वसाहत जगली, हरवली तर संपली. आता मी सांगेपर्यंत पेटी उघडायची नाही. नवी राणी आत असताना माश्या घाबरल्या, तर तिलाच घेरून मारतात.”

हौसा घरी आली ती काळीज मुठीत धरूनच. वेलांना कळ्या दिसायला लागल्या होत्या. आता हातची राणी गेली तर ह्याही वर्षी बोटाएवढे भोपळे, आणि साऱ्या गावाचं बोट आपल्याकडे. तिनं पेटी उघडली नाही. पण दुपारचं ऊन तापलं, पेटीच्या झाकणावरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला, आणि तिला राहवेना. आत राणी भाजत असेल! पलीकडे फणसाची गार सावली होती. उघडायचं नाही असं मास्तर म्हणाले होते, उचलायचं नाही असं कुठं म्हणाले होते? माणसाला पळवाट हवी असली की शब्द बरोबर सापडतात. हौसानं पेटी कवेत घेतली आणि सावकाश नेऊन फणसाखाली ठेवली.

थोड्या वेळानं ती पाणी शेंदायला परसात आली आणि जागच्या जागी थिजली. रिकाम्या घोडीवर माश्यांचा ढग फिरत होता. रानातून आलेल्या माश्या तिथं उतरायच्या, दार शोधायच्या, परत उडायच्या. मूठभर माश्या उघड्या लाकडाला गोळा होऊन लटकल्या होत्या. फणसाखालची पेटी त्यांना हाकेच्या अंतरावर होती. एकीलाही ती दिसत नव्हती.

फळ्यावरची ओळ हौसाला तेव्हा उमगली. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या मनात आलं, दुपारची वेळ आहे. राणी आत्ता बाहेर असली तर?

“अवं, लवकर या!” ती ओरडली. दादू धावत आला. दोघांनी पेटी उचलली आणि त्या ढगातून नेऊन पहिल्या जागी ठेवली. तोंडावर जाळी घालायला वेळ नव्हता. हौसाच्या हातांवर, मानेवर, गालांवर माश्या चावल्या, पण तिनं पेटी हलू दिली नाही. हळूहळू दारात रीघ लागली. माश्या आत गेल्या.

“आली का गं राणी?” दादूनं विचारलं.

हौसाला ठाऊक नव्हतं. झाकण समोर होतं. उचललं असतं तर कदाचित दिसली असती. आणि राणी परत आलेली असती तर त्याच उचलण्यानं मेलीही असती. तिचा हात झाकणापर्यंत गेला. मग ती तडक स्वयंपाकघरात गेली, चटणी वाटायचा दगडी पाटा उचलून आणला आणि पेटीच्या झाकणावर ठेवला. आपल्या हातांचा तिला भरवसा उरला नव्हता.

गुरुवारी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. सुजलेला चेहरा खाली घालूनच सांगितलं.

“ती परतली असेल किंवा नसेलही,” मास्तर म्हणाले. “पण आता उघडू नका. दारात बसा. राणी आली असेल तर थोड्या दिवसांत माश्या पायांना परागाचे पिवळे गोळे लावून भरभरून आत जायला लागतील. पराग हा बाळांचा खाऊ. बाळं असली म्हणजे आई आहे.”

“आणि पराग नाही आला तर?”

“तर माझ्याकडे या. पुढचं मग बघू.”

हौसा रोज सकाळी पेटीपासून जरा दूर, जमिनीवर बसायची. माश्या यायच्या, जायच्या, पण थोड्याच आणि सुस्त. पायांवर काही नाही. आपल्याच हातानं आपण राणीला दारातून हाकललं, ह्या विचारानं तिला रडू यायचं. फुलं उमलायला लागली तशी गावाची ये-जा वाढली. जो तो कुंपणावरून विचारी, “राणी आली का?” आणि जो तो सांगे, “उघडून बघ की! इतकं काय त्यात?” एकदा तर चारपाच जण परसातच आले. त्यांतला एक म्हणाला, “तुला भ्या वाटत असंल तर मी उघडतो,” आणि पाट्याला हात घालायला गेला.

हौसा उठून पेटीच्या आडवी उभी राहिली.

“भ्या तर मला तुमच्यापरीस जास्त वाटतंया,” ती म्हणाली. “रातध्याड दुसरं काय सुचत न्हाई. पर भ्या माझं हाय. त्याच्यापायी तिचा जीव जायाला नको. हात लावू नका.”

हौसाचा असा आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. माणसं कुरकुरत निघून गेली. ती गेल्यावर हौसा पुन्हा आपल्या जागी बसली. ती माणसं बरोबर असतील तर? आत कोणीच नसेल आणि आपण रिकाम्या घराची राखण करत असू तर? ह्या ‘तर’ला उत्तर नव्हतं. ते उराशी घेऊन तिला बसायचं होतं, आणि ती बसली. पाटा पेटीवर होता म्हणून घरात चटणी नव्हती. दादू कोरडी भाकरी खात होता आणि त्याबद्दलही चकार शब्द काढत नव्हता.

एके दिवशी सकाळी एक माशी जडपणे आली. दाराच्या फळीवर उतरताना ती धडपडली. हौसानं डोळे बारीक केले. माशीच्या मागच्या पायांवर मोहरीएवढे दोन पिवळेजर्द गोळे होते. ती आत गेली. पाठोपाठ दुसरी आली, तिच्याही पायांवर गोळे. मग तिसरी. मग मोजायचं कारण उरलं नाही.

हौसा पदरात तोंड घालून रडली. दादू घाबरून बाहेर आला. तिनं नुसतं दाराकडे बोट दाखवलं. त्यानंही बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“आता तर उघड! बघ तरी कशी दिसती.”

“नगं,” हौसा डोळे पुसत म्हणाली. “ती कामात हाय.”

शिमग्याच्या सुमारास मास्तर वर्ग संपल्याचं सांगायला आणि पेटी तपासायला स्वतः आंबेघळला आले. सारं गाव परसात जमलं. मास्तरांनी पाटा उतरवला, धुराड्याचा हलका धूर दिला आणि एक चौकट वर उचलली. मधोमध, माश्यांच्या घोळक्यात, लांबट अंगाची राणी शांतपणे चालत होती. माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावू लागली. हौसा मात्र तिथं नव्हती. ती परसामागच्या वेलांत वाकून काहीतरी बघत होती. एका सुकल्या फुलामागे भोपळा धरला होता, आणि तो बोटाएवढा नव्हता, चांगला मुठीएवढा झाला होता.

“हौसाताई, या, तुमची राणी बघा,” मास्तरांनी हाक मारली.

“बघितली की, मास्तर,” ती तिथूनच म्हणाली. “रोज दारातनं बघत व्हते.”

मास्तर हसले आणि त्यांनी चौकट अलगद खाली ठेवली. पाटा आता पेटीवर ठेवायची गरज नव्हती. हौसानं तो धुऊन घरात नेला आणि मास्तरांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. चुलीवर भात रटरटत होता. तिचा हात सवयीनं झाकणाकडे गेला, मध्येच थांबला आणि परत आला. त्या दिवशी दादूनं पहिल्यांदाच मागून भात घेतला.

तात्पर्य: काळजी वाटणं आपल्या हातात नसतं, पण तिच्यापायी झाकण उचलायचं की नाही, ते असतं; जे आत वाढत आहे त्याला वाढू द्यावं, आणि आपली धाकधूक आपणच सोसावी.