राधेच्या शेजारची मोकळी जागा

डोंगरातल्या एका लहानशा राज्यात अनूपदेव नावाचा राजा होता. त्याची राणी हेमांगिनी तापाचं निमित्त होऊन गेली, आणि राजाचं कशातच मन लागेना. दरबार ओस पडला. वाढलेलं ताट तसंच परत जाऊ लागलं. लोक यायचे, समजुतीचे दोन शब्द बोलायचे आणि आपापल्या घरी जेवायला जायचे. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! ज्याला त्याला आपलं घर असतंच.

राजाकडे एक चित्र होतं, तळहाताहून थोडं मोठं. वरच्या कडेला राधाकृष्णाच्या प्रेमाचं एक पद लिहिलेलं आणि खाली त्या पदातली राधा. कोवळ्या पानांची शेज अंथरून ती एकटीच बसली होती, नजर वाटेकडे. कृष्ण काही आलेला नव्हता. दरबारच्या भिवाजी चिताऱ्याने ते काढलं होतं. राजा रोज सकाळी त्या चित्रासमोर जाऊन बसे आणि मग कसेबसे दोन घास खाई. दिवसभरात तो आपणहून करायचा ते एवढंच.

दिवाण नरहरपंत राजावर जीव टाकणारे, पण स्वभावाने भारी उतावळे. त्यांना वाटलं, आधीच दुःखी असलेल्या माणसाने असलं दुःखी चित्र बघायचंच कशाला? त्यांनी चित्र गुपचूप भिवाजीकडे नेलं आणि राधेच्या शेजारी कृष्ण काढून द्यायला सांगितलं.

भिवाजीला ते पटेना. तो म्हणाला, "दिवाणजी, वर पदात लिहिलंय की तो आला नाही. मग खाली कसा बसवू?"

"पद कोण वाचतंय? महाराज हसले पाहिजेत."

भिवाजीला नाही म्हणता आलं असतं. दिवाण काही त्याला सुळावर देणार नव्हते. पण राजा हसला तर आपल्या कुंचल्याने हसला असं सगळे म्हणतील, हे त्याच्या मनात आलं आणि गडी भुलला. चितारी झाला तरी माणूसच की! त्याने शेजेवरच्या मोकळ्या जागेत सावळा कृष्ण बसवला, त्याला पिवळा पीतांबर नेसवला, त्याचा हात राधेच्या खांद्यावर ठेवला. वाटेकडे लागलेले राधेचे डोळे पुसून त्याच्याकडे वळवले. मग नेहमीसारखं चित्र पालथं घालून गुळगुळीत दगडाने मागून घोटलं, तसे रंग चकाकू लागले. काम झकास झालं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा चित्रासमोर बसला. दिवाण आणि भिवाजी दाराशी उभे होते. राजा पुष्कळ वेळ बघत राहिला. तो हसला नाही, रागावलाही नाही. त्याने ताटाला मात्र हात लावला नाही.

मग तो हळूच म्हणाला, "भिवाजी, इतके दिवस आम्ही दोघं वाट बघत होतो. तिचं माणूस आलं. आता मी एकटाच राहिलो."

आपण काय करून बसलो ते भिवाजीला तेव्हा कळलं. त्याने राजाचे पाय धरले. शेजेचा हिरवा रंग देऊन कृष्ण आत्ता झाकून टाकतो, राधेचे डोळे पुन्हा वाटेकडे लावतो, असं तो काकुळतीने सांगू लागला.

राजाने मान हलवली. "नको रे. एवढी वाट बघून तो तिला भेटलाय. माझ्यासाठी त्याला तिच्याजवळून उठवू नकोस."

दिवाण डोळे पुसत कचेरीकडे गेले. भिवाजी गेला नाही. राजाच्या बैठकीपासून हातभर अंतरावर तो जमिनीवर मांडी घालून बसला. त्याने समजूत घातली नाही, की दुसऱ्या चित्राचं नाव काढलं नाही. दिवेलागण झाली तरी तो तिथेच होता, आणि राजाने त्याला जा म्हटलं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचं दुःख घाईघाईने पुसायला जाऊ नये. दुःखी माणसाला आधी सोबत लागते, आणि ती स्वतः जवळ बसूनच द्यावी लागते.