पाठमोरा सिंह

ही गोष्ट फार जुन्या काळची, दूर जर्मनांच्या मुलखातली. तिथे एक म्हातारा सरदार राहायचा. त्या मुलखात प्रत्येक मोठ्या घराण्याची एक ढाल असे आणि ढालीवर घराण्याची खूण. सरदाराच्या ढालीवर होता सिंह, आणि त्याच्या बायकोच्या माहेरच्या ढालीवर बदक. त्यावरून त्याने तिला जन्मभर चिडवलं होतं.

एका हिवाळ्यात सरदार तापाने अंथरुणाला खिळला. वैद्यांनी हात टेकले. बायको मात्र उशाशी बसून राहिली, चमच्या चमच्याने पेज भरवत राहिली. बर्फ वितळलं तेव्हा म्हातारा काठी टेकत अंगणात आला. तुझे उपकार मी सगळ्या गावासमोर मानीन, असं त्याने तिला सांगितलं. मग गावच्या चर्चला रंगीत काचेची खिडकी द्यायचं ठरलं. तीत दोघांच्या ढाली शेजारी शेजारी.

काच रंगवणाऱ्याने एकच गोष्ट विचारली. सिंह नेहमीसारखा काढला तर त्याची पाठ बाईसाहेबांच्या ढालीकडे येते. जोडीच्या खिडकीत नवऱ्याचा प्राणी बायकोच्या ढालीकडे वळवायची रीत आहे, तर वळवू का? सरदार तडकला.

"आमच्या सिंहाने कधी कुणासाठी मान वळवलेली नाही. बदकासाठी तर नाहीच."

झालं, खिडकी तशीच बसली. रविवारी ऊन आलं आणि सिंह असा काही झळकला की गाव बघतच राहिलं. सरदाराने मोठ्या हौसेने बायकोकडे पाहिलं. ती हसली, पण डोळे भरले होते.

"छान आहे हो," ती हळूच म्हणाली. "माझ्याकडे पाठ आहे, एवढंच."

म्हाताऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभार मानायला गेलो आणि भर गावात पाठ दाखवून आलो! दुसऱ्याच दिवशी त्याने काच रंगवणाऱ्याला गाठलं. नव्या सिंहासाठी लाल काच परमुलखातून यायची, त्यात वर्ष जाणार. तोवर एकच उपाय होता, सिंहाचा तुकडा काढून उलटा बसवायचा. पण मग आतला रंग बाहेर येणार आणि ऊनपाऊस तो खाऊन टाकणार. सिंह काही टिकायचा नाही, असं काच रंगवणाऱ्याने स्पष्ट सांगितलं.

"न टिको," सरदार म्हणाला. "तिने मला जगवलं, आणि मी तिला वर्षभर पाठ दाखवू? आजच फिरव."

सिंह फिरला. भाऊबंदांनी नाकं मुरडली, घराण्याचं नाव घालवलं म्हणाले. पुढच्या रविवारी म्हातारीने वर पाहिलं आणि सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात हातात घेतला. नवी काच मागवायचं मग दोघांनीही कधी काढलं नाही.

पावसाने आधी सिंहाची नखं नेली, मग आयाळ. ती दोघं गेली त्यानंतर कितीतरी वर्षांनी तर तो सिंह आहे हेही सांगावं लागे. पण गावातलं लग्न लागलं की नव्या जोडप्याला त्या खिडकीखाली उभं करत आणि तो पुसट सिंहच आधी दाखवत.

ज्यांनी आपल्याला जगवलं, त्यांच्याकडे तोंड वळवल्याने कुणाचाही मान जात नाही.