वाजवायची घागर

फार मागची गोष्ट. तेव्हा मडकी बोलत आणि माणसं ऐकून घेत. आता माणसंच इतकी बोलतात की मडकी गप्प बसली.

भिवरा कुंभारीण आठवडी बाजारात घागरी विकायची. दवंडीवाला तिला परवडत नव्हता, म्हणून तिनं अक्कल लढवली. सगळ्यांत खणखणीत घागर पुढे मांडली आणि येईल त्याला म्हणायची, "टिचकी मारून बघा, दादा!" घागर टण्ण वाजे, गिऱ्हाईक खूश होई आणि मागची दुसरीच घागर घेऊन जाई.

पुढची घागर विचारी, "मावशी, मला कधी विकणार? एकदा तरी पोटात पाणी भरू दे."

"तू गेलीस तर बाकीच्यांना कोण विचारील? पुढच्या बाजारी बघू."

शेजारचा रांजण खिदळे, "साऱ्यांच्या लग्नात करवली तूच गं!"

असे कितीतरी बाजार गेले. एक दिवस एक म्हातारी आली. "मागल्या खेपेला वाजवलेली घागर दे. तिचा आवाज कानातून जात नाही."

भिवराचं मन विरघळलं. तिनं घागर पदरानं पुसली आणि म्हातारीच्या हाती दिली. पण शहाण्या माणसाची खोड जाते होय? घेता घेता म्हातारीनं टिचकी मारलीच.

थप्प!

इतक्या दिवसांच्या टिचक्यांनी घागरीला आतून तडा गेला होता.

"अगंबाई, फुटकी!" म्हणत म्हातारीनं मागची घागर उचलली.

भिवरानं डोळे पुसले आणि उरलेल्यांतली खणखणीत घागर शोधून पुढे मांडली. ती बिचारी आनंदानं म्हणाली, "मावशीनं मला पुढे बसवलं!"

तडकलेली घागर तिला काही सांगू पाहत होती, पण आवाजच राहिला नव्हता.