मोगऱ्याला वळसा घालणारे रूळ

ज्या काळी पऱ्यांना माणसांच्या बागांत दुपारची झोप लागत असे, त्या काळी एका टेकडीवर आईसाहेबांचा बंगला होता आणि बंगल्यामागच्या पत्र्याच्या खोलीत कुमुद नावाची नऊ वर्षांची मुलगी आपल्या बाबांबरोबर राहत होती. बाबांनी, म्हणजे जिवाजी तांबटांनी, अकरा वर्षे खपून आईसाहेबांसाठी एक चिमुकली आगगाडी घडवली होती. बोटभर लांबीचे निळे-शेंदरी डबे, गुंजेएवढे लाल दिवे, आरशाच्या तुकड्याचे इवलेसे तळे आणि किल्ली दिली की खुळखुळत धावणारे पितळी इंजिन! गाडीची मालकी आईसाहेबांची असली, तरी जिवाजींचा जीव तिच्यात होता.

मागच्या थंडीत त्यांच्या उजव्या हातातले बळ गेले. तेव्हापासून बाबा सांगत आणि कुमुद करी. रोज सकाळी ती रूळ पुसून काढी, चाकांना सुईच्या टोकाने तेलाचा थेंब देई, कागदी झाडांवरची धूळ कुंचल्याने झाडी. ताटात बहुधा पेज आणि मीठच असे. परंतु ती हे काम उपाशीपोटीही हसत करी.

चैत्र आला. आईसाहेबांनी फर्मावले, की हळदीकुंकवाला गौरीच्या आराशीभोवती, हिरवळीवर, आगगाडी धावली पाहिजे; न धावल्यास त्यांचे भाचे शरदराव ती कायमची शहरात नेतील. हे ऐकल्यापासून बाबा कुमुदकडून रोज दोनदा चाके तपासून घेत.

ठरल्या दिवशी भल्या सकाळी कुमुद रूळ अंथरू लागली. मोगऱ्याच्या झुडपापाशी येताच ती थबकली. नेमक्या रुळांच्या वाटेवर, गवतात, वीतभर उंचीची एक परी झोपली होती. तिचे पंख आंब्याच्या मोहरासारखे फिकट सोनेरी होते आणि श्वासासरशी त्यांवर दवाचे रंग लुकलुकत होते. तिला उठवणे कुमुदच्या जिवावर आले. तिने अंथरलेले रूळ उचलले आणि गुडघे सोलवटेपर्यंत खपून मोगऱ्याला लांबचा वळसा घातला.

शेवटचा रूळ बसला तशी परी जागी झाली. वळसा पाहून ती हसली आणि म्हणाली, "बाळ, माझी झोप मोडली नाहीस. मावळतीपर्यंत एक मागणे माग. मात्र ते या आगगाडीपुरतेच असावे. आणि ध्यानात ठेव, जिथे माझी कांडी फिरते, तिथे पुन्हा माणसाच्या हाताला काम उरत नाही."

बाबांचा हात बरा होईल का, असे कुमुदने विचारले. परीने नकारार्थी मान हलवली. तो आगगाडीचा भाग नव्हता.

दुपारी शरदराव हिरवळीवर आले. दोन रुळांच्या मध्ये पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवायची, ही जिवाजींची रीत होती. उन्हाने लोखंड फुगते, त्याला पसरायला जागा हवी. शरदरावांना त्या फटी गबाळ्या वाटल्या. त्यांनी माळ्याकडून सगळे रूळ दाबून एकमेकांना भिडवून घेतले आणि टोकांना खुंट्या ठोकवल्या. कुमुदने आर्जवाने अडवले, तेव्हा त्यांनी तिला पन्ह्याचे पेले पुसायला पाठवले.

चार वाजता बायका जमल्या. गौर झोपाळ्यात बसली होती, वाटल्या डाळीचा वास दरवळत होता. इंजिनाला किल्ली दिली. अर्धी फेरी छान झाली. आणि जिथे ऊन सर्वांत कडक होते, तिथे रूळ धनुष्यासारखे वाकून उचलले गेले होते. इंजिन कुशीवर पडले. कोणी तरी फिसकन हसले.

"जिवाजी, हात गेला तो गेला, आता डोकेही गेले का?" आईसाहेब म्हणाल्या. "आणि हे रूळ मोगऱ्याला प्रदक्षिणा का घालतात? तुझ्या पोरीला सरळ रेघसुद्धा ओढता येत नाही."

कुमुद खरे ते सांगणार, तोच बाबांच्या डाव्या हाताने तिचा दंड दाबला. पाहुण्यांदेखत घरच्या भाच्याचे नाव घेणे त्यांना जमणारे नव्हते.

मोगऱ्याआडून परीचे पंख चमकले. एक शब्द पुरला असता. पण मग बाबांना सांगायला आणि आपल्याला करायला काय उरेल, हे कुमुदला त्या क्षणी उमगले. तिने परीकडे पाहून नकार दिला आणि कानस मागवली. खुंट्या उपटून बाबांनी डाव्या हाताने रूळ धरला, फट पडावी म्हणून तिने टोक केसभर घासले. मग दुसरा, मग तिसरा. तासभर त्या भर उन्हात दोघे बसली होती.

गाडी धावली. खुळखुळत, एकदाही न अडखळता, मोगऱ्याला वळसा घालून ती गौरीसमोर आली. पण तोवर ओट्या भरून बायका निघाल्या होत्या.

"चालली ना? बरे झाले. पण पाहुण्यांसमोर पडली ती पडलीच. आता शरद डबे भरून घेईल," आईसाहेब म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाबांनी स्वतः जुन्या धोतराचे तुकडे फाडून दिले. त्यांत त्यांनी एकेक डबा, एकेक रूळ गुंडाळला. शरदरावांची पेटी फाटकाबाहेर पडली तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता.

"अजून वेळ आहे," परी हळूच म्हणाली. "गाडी परत मागतेस?"

"त्यांची आहे, ते पुन्हा नेतील," कुमुद म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "एवढेच करा. तुमची कांडी रुळांना लावू नका. जो कोणी ते जोडील, त्याला फट सोडायची आठवण राहू द्या. नाहीतर बाबांची गाडी पुन्हा पडेल आणि लोक बाबांनाच हसतील."

परीने होकारार्थी मान डोलावली. "ज्याने स्वतःसाठी काहीच मागितले नाही, त्याला नियमाबाहेरचे काही द्यावे लागते," ती म्हणाली. "पण ते थोडेसेच असते."

तिने जिवाजींच्या निर्जीव उजव्या हाताला कांडी टेकवली. केशरी, गुलाबी, मोतिया असे सारे रंग एकदम उसळले, मोगऱ्याची पाने आतून उजळली आणि त्या लखलखाटात परी विरघळून गेली.

बाबांचा अंगठा हलला. मग तर्जनी. बाकीची तीन बोटे होती तशीच राहिली. त्या दोन बोटांनी त्यांनी गवतातली कानस उचलली, तोलून पाहिली आणि ती नीट धरता येते आहे हे कळताच लहान मुलासारखे हसले. मग सवयीने त्यांनी डावा हात पुढे केला.

"कुमुद, रूळ दे."

हिरवळीवर, जिथे रूळ होते तिथे, गवत फक्त दबलेले होते. तो दबलेला माग मोगऱ्याला वळसा घालून गेला होता. कुमुदने तो पुढे आलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, कारण द्यायला तिच्याजवळ दुसरे काहीच नव्हते.