हिंगणदऱ्याच्या छप्पन्न पायऱ्या

छप्पन्नाव्या पायरीखाली खणायचं नाही, आणि का ते विचारायचं नाही. हिंगणदऱ्यात मूल बोलायला लागलं की त्याला हा नियम सांगतात. मलाही सांगितला. मी "का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या चुलत आजोबांनी, आबांनी, हात उगारून दाखवला.

आमची बारव गावाच्या उगवतीला आहे. प्रत्येक पायरीवर एक खूण कोरलेली आहे, कुठे विळा, कुठे पेरणीची पाभर, कुठे जातं. एक खूण म्हणजे एक घर. पाहुणे आले की आबा वर कट्ट्यावर बसून हकिगत सांगायचे. अलीकडे त्यांना दम लागतो, म्हणून पाहुण्यांना घेऊन खाली उतरायचं काम माझ्याकडे आलं. "कॉलेजात शिकलीस, तर नीट भाषेत सांग. पण पदरचं काही घालू नकोस," एवढी ताकीद मिळाली.

पदरचं न घालता सांगते.

असे सांगतात की मुळात गावात सात घरं होती आणि बारवेला सातच पायऱ्या. मग पटकीची साथ आली. तरणीताठी माणसं गेली, म्हातारी उरली. जमीन होती, बैल होते, नांगर धरायला हात नव्हते. तीन वर्षं गावात एकही बारसं झालं नाही म्हणे. पाळणे माळ्यावर टाकून दिले.

त्याच सुमारास पूर्वेकडे दुष्काळ पडला आणि माळावरून चौतीस माणसं चालत आली. त्यांच्या पुढे लिंबाई नावाची बाई होती, कडेवर वर्षाचं मूल. तिने वेशीवर राहायला जागा मागितली. सात घरांतले म्हातारे म्हणाले, "पाणी सात घरांपुरतं आहे, बाई. आठवं घर आलं की आमचे घसे कोरडे."

लिंबाई म्हणाली, "तुमचं पाणी तुम्हांला राहू द्या. तुमच्या पाण्याखाली जे असेल ते आम्हांला द्या."

म्हातारे हसले. पाण्याखाली चिखल असतो, तो न्या म्हणाले. हसता हसता वचन देऊन बसले.

लिंबाईने तिथेच शपथ घेतली. वैशाखात तळ उघडा पडला की आम्ही खणू, आणि खाली झरा लागेपर्यंत आमच्यातलं कुणी या बारवेचं पाणी तोंडाला लावणार नाही. अडीच कोसांवरच्या ओढ्यात झिरे खोदून ती माणसं पाणी आणत आणि दिवसभर कातळ फोडत. अठराव्या दिवशी ओढाही आटला. लिंबाईचं मूल तापलं. सात घरांतली एक म्हातारी रडत रांजणात साठवलेल्या बारवेच्या पाण्याचा तांब्या घेऊन आली, पण लिंबाईने तो मुलाच्या ओठांना लागू दिला नाही. विसाव्या दिवशी मूल गेलं. एकविसाव्या दिवशी कातळ फुटला. पाणी वर चढत चढत आलं आणि पूर्वी सातव्या पायरीला लागायचं ते पाचव्या पायरीला येऊन थांबलं, असे सांगतात.

इथे पाहुणे डोळे पुसतात. मला रडू येत नाही, राग येतो. शपथ घेणारीचा नाही. ती घेण्याची वेळ आणणाऱ्यांचा.

तेव्हापासून रीत पडली. गावात नवं घर झालं, बाहेरून येवो नाहीतर भावाभावांनी वेगळी चूल मांडो, त्या घराने वैशाखात पाणी उपसून उतरायचं, गाळ काढायचा, हातभर खाली खणायचं, आपली पायरी बसवायची. मेंढपाळ आले, कोष्टी आले, दळणाची दगडी जाती घडवणारे आले. माळ्यावरचे पाळणे खाली उतरले. घरं वाढत गेली तशी बारव खोल होत गेली, आणि पाणी कधी आटलं नाही. मूळच्या सात घरांपैकी आज एकही नांदत नाही. अकराव्या पायरीवर मेंढरांची लोकर कापायची कातर आहे. ती आमची, झिमलांची. तरी आबा पाहुण्यांना सांगतात, "आम्ही इथले मूळचे."

छप्पन्नावी पायरी आबांच्या वडिलांच्या काळात बसली. मग गावकीने ठरवलं, आता पुरे. दर अक्षय्य तृतीयेला पायरी असलेल्या जुन्या घरातल्या कुमारिकेने तळाशी उभं राहून "पायऱ्या पुऱ्या झाल्या" असं तीनदा म्हणायचं आणि गावाने "झाल्या" म्हणायचं. सहा वर्षं ते मीच म्हणत आले.

आजही बारव आहे, खुणा आहेत, फक्त पाणी चैत्रातच संपतं. गाळ काढायचं काम नव्या घराचं. पन्नास वर्षांत नवं घर नाही, म्हणून गाळही निघालेला नाही. गावची पोरं पुण्याला, सुरतेला गेली. निम्म्या दारांना कुलपं आहेत. शाळेत एकवीस मुलं उरलीत. त्यांतली नऊ डाळिंबाच्या बागांत ओडिशाहून कामाला आलेल्या माणसांची.

त्या कामगारांपैकी बिपिन आणि सुकांती हे नवराबायको बारा वर्षं इथे आहेत. बागमालक पावसाळ्याआधी त्यांची शेड पाडणार, म्हणून त्यांनी गावठाणात घरापुरती जागा मागितली. गावकी म्हणाली, पायरी नाही त्याला जागा नाही. त्यांनी पायरी मागितली. गावकी म्हणाली, तृतीयेला या, उत्तर ऐका.

ते आले. सुकांती धाकट्याला घेऊन काठावर उभी राहिली. मी तळाशी, कोरड्या गाळात. आबा आणि गावकीचे म्हातारे वरच्या पायऱ्यांवर.

"म्हण, ऐशू," आबा म्हणाले.

मी काठावरच्या सुकांतीकडे पाहिलं.

"पोरीचा घसा बसला वाटतं," गावकीतले दगडूनाना म्हणाले. "गूळ द्या तिला."

"घसा ठणठणीत आहे, नाना. आबा, लिंबाईच्या हकिगतीत 'पुरे' कुठे आहे?"

"हकिगतीत नसेल. रीत आहे."

"कुणाची?"

"वाडवडिलांची."

"वाडवडील मेंढरं घेऊन चालत आले होते, आबा. त्यांना कुणीतरी खणू दिलं."

"चार बुकं शिकली म्हणून मोठ्यांना शिकवतेस? मुकाट्याने म्हण आणि वर ये."

"नाही म्हणणार. आज नाही, पुढच्या वर्षीही नाही."

"तुझ्यावाचून अडलंय होय!" दगडूनाना उठून उभे राहिले. "जुन्या घरातली दुसरी पोर बोलवा रे!"

आबांनी काठावरच्या गर्दीवरून नजर फिरवली. वाघमोड्यांची पुण्याला. कोळेकरांच्या दोघी सुरतेला. ठेंगलांच्या घराला चार वर्षं कुलूप. जमलेल्यांत मुली होत्या, पण त्या बागांतल्या कामगारांच्या. जुन्या घरातली मुलगी गावात मी एकटीच उरले होते.

नाना हळूच खाली बसले.  त्या तृतीयेला "पायऱ्या पुऱ्या झाल्या" हे शब्द बारवेत म्हटले गेले नाहीत, आणि ते म्हटल्याशिवाय सत्तावन्नावी पायरी अडवता येत नव्हती.